मालिकेतलं भांडण वर्गात केलं, आता पुढे काय?

ताई,

मी १५ वर्षांची आहे. सुट्टीत शाळेतल्या मुलामुलींवरच्या तीन मालिका ओळीने बघून काढल्या. त्यातली मुलं माझ्याच वयाची, पण त्यांच्याकडे बघून वाटतं, माझ्या आयुष्यात काहीच घडत नाही. चेहऱ्यावर पुटकुळ्या, ग्रुप असा नाहीच, आणि वेळेवर काही सुचतही नाही. गेल्या आठवड्यात माझी जवळची मैत्रीण दुसऱ्या मुलींबरोबर बसायला लागली. मधल्या सुट्टीत मी तिला सगळ्यांसमोर थांबवलं आणि मनातलं सगळं बोलून टाकलं. बोलताना वाटत होतं, काय भारी बोलतेय मी! त्या भरात तिने विश्वासाने सांगितलेली तिच्या घरची एक गोष्टही बोलून गेले. ती काही न बोलता निघून गेली आणि तेव्हापासून बोलत नाही. आई म्हणते, हे सगळं त्या मालिकांमुळे, आजपासून बघणं बंद. मालिकेत तर अशा भांडणानंतर सगळं नीट होतं. माझं काय चुकलं? आणि बघणं खरंच बंद करू का?

– मागच्या बाकावरची

प्रिय मागच्या बाकावरची,

आधी मैत्रिणीचं बघू. मालिका कुठे पळून जात नाहीत.

राग येण्यात काही गैर नव्हतं. जवळची मैत्रीण काही न सांगता जागा बदलते तेव्हा लागतंच. बिघडलं ते दोन ठिकाणी. एक तर तू लोकांसमोर बोललीस आणि दुसरं, तिच्या घरची गोष्ट बाहेर काढलीस. पहिलं ती विसरू शकेल. दुसऱ्यासाठी स्पष्ट माफी मागावी लागेल, तीही लवकर, कारण ती गोष्ट आता तिच्या हातात उरलेली नाही.

माफी लिहून पाठव. व्हॉइस नोट नको. त्यात तुझा रडवेला आवाज जाईल आणि तिचं दुःख बाजूला राहून तिला तुलाच सावरावं लागेल. चार वाक्यं पुरेत. मी काय केलं, ते का चूक होतं, आता मी काय करतेय, आणि उत्तराची घाई नाही. साधारण असं: ‘मी त्या दिवशी सगळ्यांसमोर तुझ्या घरची गोष्ट बोलले. ती सांगायचा मला काही हक्क नव्हता. ज्यांनी ऐकली त्यांना मी एकेकीला गाठून सांगतेय की ती पुढे नेऊ नका. तुला बोलावंसं वाटेल तेव्हा बोल, मी थांबेन.’ यात ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ हे शब्द घालू नकोस. तिला वाईट वाटलंय, हे तुला माहीत आहे. ‘पण तूसुद्धा’ तर मुळीच नको. ती कुणाबरोबर बसते हा वेगळा विषय आहे, तो या निरोपात आला की माफीची तक्रार होते.

मग जे सांगतेयस ते खरोखर कर. तिथे जे होते त्यांना वेगवेगळं गाठून एवढंच म्हण: ‘मी तिची खासगी गोष्ट बोलायला नको होती, कृपा करून कुणाला सांगू नका.’ गोष्ट काय होती ते पुन्हा उच्चारू नकोस. वर्गाच्या ग्रुपवर जाहीर माफी टाकायची इच्छा होईल, ती आवर. ज्यांना काहीच माहीत नव्हतं त्यांनाही त्याने कुतूहल वाटेल आणि तिला सगळ्यांदेखत ‘ठीक आहे’ म्हणणं भाग पडेल.

यानंतर थांब. निरोपाखाली निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर आलं नाही म्हणून दुसरा निरोप धाडू नकोस. आठवड्याभराने, ती एकटी असताना, समोर जाऊन माफीचं एकच वाक्य बोल आणि निघ. ती बोलायला तयार झालीच तर समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारून चालताना बोला. नजर चुकवायची मोकळीक असली की अवघड गोष्टी सोप्या निघतात. तेव्हा ‘तू मला सोडलंस’ म्हणण्यापेक्षा ‘तू तिकडे बसायला लागलीस तेव्हा मला एकटं वाटलं’ असं सांग. पहिल्या वाक्यावर तिला बचाव करावा लागतो, दुसऱ्यावर ती काही विचारू शकते. तिने मैत्री नकोच म्हटलं तर तेही ऐकून घ्यावं लागेल.

आता तुझा प्रश्न, की मालिकेत हे जमतं आणि वर्गात का नाही.

मालिकेत जमतं, कारण तिथे दोघींचीही वाक्यं एकाच टेबलावर लिहिलेली असतात. जी ओरडते तिचं भाषण कित्येकदा खोडून पुन्हा लिहिलेलं असतं आणि जिच्यावर ओरडली तिच्या तोंडीही नेमकं लागू पडणारं उत्तर दिलेलं असतं. मग शूटिंग. एकच प्रसंग आधी लांबून घेतात, मग एकीच्या खांद्यावरून, मग दुसरीच्या, मग चेहऱ्याचे क्लोज-अप. दरवेळी संवाद पहिल्यापासून. एडिटिंगच्या टेबलावर यातले सगळ्यात चांगले तुकडे जोडले जातात, अडखळणं जातं, नकोशी शांतता कापली जाते. तू पाहिलेले डबडबलेले डोळे आणि त्याआधीचं वाक्य हे वेगवेगळ्या टेकमधले, म्हणजे वेगवेगळ्या वेळी चित्रित केलेले, असू शकतात. वाक्य संपतं आणि कट होतो. पुढचा प्रसंग दुसऱ्या दिवसाचा. बोलून झाल्यावर तिथेच उभं राहायचं, घंटा वाजल्यावर त्याच वर्गात जाऊन बसायचं, हा भाग मालिकेत नसतो. तुझ्या वाट्याला नेमका तोच आला.

हे तपासून बघायचं असेल तर तुला आवडलेला भांडणाचा प्रसंग आवाज बंद करून पुन्हा लाव. संगीत गेलं की अर्धा भाव उतरतो. आपल्याला रडू कधी यावं हे बरेचदा पार्श्वसंगीतच ठरवत असतं.

आणखी एक बाब लेखकांच्या सोयीची आहे. शाळकरी मुलांच्या मालिकेतला गैरसमज सहा-सहा भाग चालतो, कारण ती मुलं दोन मिनिटं नीट बोलली तर गोष्टच संपेल. म्हणून फोन अर्धवट ऐकू येतो, निरोप भलत्याच्या हाती पडतो, आईवडील ऐन वेळी गावाला गेलेले असतात. समजूतदार मोठं माणूस कथेला फार महागात पडतं. तेव्हा मैत्री, भांडण, गुपितं यांच्या बाबतीत या मालिकांमधली युक्ती उलटी करून वापरावी असं माझं मत आहे: त्यातली पात्रं जे सहाव्या भागात बोलतात, ते आपण पहिल्या दिवशी बोलावं.

भाषण करताना तुला भारी वाटलं, त्याचंही कारण आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ साली ‘काल्पनिक प्रेक्षक’ ही कल्पना मांडली. तुझ्या वयात सतत वाटत राहतं की सगळे आपल्याकडेच बघताहेत. त्यामुळे पुटकुळी डोंगराएवढी दिसते आणि मधल्या सुट्टीतलं बोलणं रंगमंचावरचं वाटतं. मालिका याच जाणिवेला खतपाणी घालते, कारण तिथे प्रेक्षक खरोखरच असतात.

आता त्या ‘माझ्याच वयाच्या’ मुलांबद्दल. बहुतेक वेळा ती तुझ्या वयाची नसतातच. ‘बेव्हर्ली हिल्स, ९०२१०’ ही मालिका १९९० साली सुरू झाली तेव्हा त्यात शाळकरी मुलगी रंगवणारी गॅब्रिएल कार्टेरिस २९ वर्षांची होती. ‘युफोरिया’ २०१९ मध्ये आली, तेव्हा १७ वर्षांच्या मुलीचं काम करणारी झेंडाया २२ वर्षांची होती. यामागे फसवणुकीपेक्षा हिशोब जास्त आहे. हॉलिवूड जिथे आहे त्या कॅलिफोर्नियात ९ ते १५ वर्षांच्या कलाकाराला शाळेच्या दिवशी सेटवर जास्तीत जास्त ९ तास थांबवता येतं आणि त्यातले कामाचे फक्त ५. तीन तास शिक्षणाला द्यावे लागतात, एक विश्रांतीला. सज्ञान कलाकारासाठी बारा तासांची शिफ्ट नेहमीची. शिवाय चौदा वर्षांचा मुलगा सीझनच्या मध्यात दोन इंच वाढतो, आवाज फुटतो, आणि आधी चित्रित केलेल्या प्रसंगांशी मेळ बसत नाही. प्रेमप्रसंग अल्पवयीन मुलांकडून करून घेण्यावर कायद्याची बंधनं असतात, ती वेगळीच. म्हणून वाढ पूर्ण झालेली, त्वचा स्थिरावलेली माणसं दप्तर घेऊन वर्गात बसवली जातात. वर ‘मेकअप न केल्यासारखा’ मेकअप, आणि चेहऱ्यावर सावलीची रेघ पडू नये म्हणून पसरवून टाकलेला प्रकाश. तू मात्र त्यांच्याशी तुलना करतेस ती फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने, हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोची. एवढ्या जवळून नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, कुणाचेही.

खऱ्या वयाची मुलं घेतली की काय होतं, तेही बघण्यासारखं आहे. १९९४ च्या ‘माय सो-कॉल्ड लाइफ’मध्ये क्लेअर डेन्स खरोखर १५ वर्षांची होती. कामाच्या तासांची मर्यादा आली आणि घरातल्या मोठ्या माणसांच्या कथेला जास्त जागा मिळाली. मालिका १९ भागांत बंद झाली, पण त्यातलं घर घरासारखं वाटतं. २०२५ च्या ‘अडोलेसन्स’चे चारही भाग प्रत्येकी एकाच सलग टेकमध्ये चित्रित केलेत. त्यातला मुलगा, ओवेन कूपर, तेव्हा १४ वर्षांचा होता. कट नसल्यामुळे माणसं जिन्यावरून चढतात, गाडीत बसून राहतात, गप्प होतात. विषय खुनाचा आणि जड आहे, एकटीने बघू नकोस. पण कट काय काय गिळतो हे कळायला याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही.

‘माझ्या आयुष्यात काही घडत नाही’ यावर फार बोलत नाही. मालिकेच्या एका भागात तीन कथा समांतर चालतात आणि वर्षभराचा गृहपाठ, झोप, कंटाळा, बसची वाट बघणं काढून टाकलेलं असतं. ती मुलं शाळेत नेमकं शिकतात काय, हे दहा भाग बघूनही कळत नाही.

तरीही ती पात्रं तुला आपली वाटली याबद्दल लाज वाटू देऊ नकोस. त्यासाठी कुणीतरी मेहनत घेतलेली असते. नॉर्वेच्या सार्वजनिक वाहिनीने, एनआरकेने, २०१५ ते २०१७ मध्ये ‘स्काम’ नावाची मालिका केली. आधी त्या वयाच्या मुलामुलींच्या लांबलचक मुलाखती घेतल्या, मग लेखन. शुक्रवारी पूर्ण भाग, पण आठवडाभर छोट्या क्लिप ज्या त्या वेळी वेबसाइटवर यायच्या. सोमवार सकाळचा प्रसंग सोमवारी सकाळीच. पात्रांची सोशल मीडियावर खातीही होती. पडद्यावरच्या माणसाशी अशी एकतर्फी ओळख जडते, हे डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६ सालीच लिहून ठेवलंय. त्या ओळखीत एक आराम असतो. पडद्यावरची मैत्रीण कधी उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसत नाही. ज्या आठवड्यात खरी मैत्रीण दुरावली, त्याच आठवड्यात तू जास्त भाग बघितले असशील, असा माझा अंदाज आहे.

बघणं बंद करू नकोस, पण सूत्रं स्वतःच्या हाती घे. प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये प्लेबॅकचा विभाग असतो, तिथे ऑटोप्ले, म्हणजे पुढचा भाग आपोआप सुरू होणं, बंद कर. आणि भाग संपल्यावर थांबायचा प्रयत्न सोडून दे, तिथे थांबता येऊच नये म्हणूनच शेवट तसा लिहिलेला असतो. त्याऐवजी पुढच्या भागाची पहिली दहा मिनिटं बघ आणि तिथे बंद कर. अडकवून ठेवलेला प्रश्न बहुधा तोवर सुटलेला असतो आणि नवा अजून सुरू झालेला नसतो. तुझ्या वयाला ८ ते १० तास झोप लागते, त्यावरून रात्रीची वेळ ठरव.

आईचं सगळं बरोबर नाही, पण एका बाबतीत ती चुकत नाहीये. ‘थर्टीन रीझन्स व्हाय’च्या पहिल्या सीझनमधला आत्महत्येचा प्रसंग नेटफ्लिक्सने वैद्यकीय तज्ज्ञांच्या सल्ल्यावरून जुलै २०१९ मध्ये काढून टाकला, मालिका आल्यानंतर दोन वर्षांनी. दाखवलेल्या गोष्टींचा परिणाम होतो, हे दाखवणाऱ्यांनीही मान्य केलंय. एखादा प्रसंग पुढे ढकलावासा वाटला तर खुशाल ढकल, आणि बघितलेलं काही दोन-तीन दिवस डोक्यातून गेलं नाही तर ते आईला किंवा विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांग.

आईशी बोलायला सुरुवात ‘सगळे बघतात’ इथून करू नकोस. मैत्रिणीशी काय झालं ते आधी पूर्ण सांग, तुझ्या चुकीसकट. मग तिला तुझ्या आवडत्या मालिकेचा एक भाग तुझ्याबरोबर बघायला बोलाव. पहिला भाग नको, त्यात नुसती ओळखपरेड असते. तिसरा किंवा चौथा लाव, आधीचं दोन वाक्यांत सांग. बघताना समजावत बसू नकोस. ती मध्येच ‘यांना अभ्यास नसतो का?’ असं विचारेल. हसून सोडून दे, प्रश्न रास्त आहे. भाग संपल्यावर आठवड्यात किती भाग आणि रात्री किती वाजेपर्यंत, ते दोघी मिळून कागदावर लिहा. आकडा आधी तिला सांगू दे.

– ताई