चार पेपर आणि २६ सायटेशन्स

प्रश्न : माझी मुलगी नंबर थिअरीत संशोधन करते. पीएचडीनंतरच्या पाच वर्षांत तिचे ४ पेपर आले, गुगल स्कॉलरवर सायटेशन्स (म्हणजे इतरांनी आपल्या पेपरांत दिलेले संदर्भ) २६. भाचा औषधशास्त्रात आहे. त्याचे एवढ्याच काळात ३० पेपर आणि सायटेशन्स हजाराच्या घरात. त्यात तिच्या ३ पेपरांत तिचं नाव अगदी शेवटी. आता नोकरीच्या अर्जात एच-इंडेक्स मागितलाय, तो भरतो ३. ती मागे पडतेय का? तिला विचारलं की चिडते, म्हणून तुम्हाला विचारतो.
– एक वडील

उत्तर : नावाचं आधी सांगते. गणितात सहलेखकांची नावं आडनावाच्या रोमन आद्याक्षराप्रमाणे लावतात. पत्राखालचं तुमचं आडनाव (इथे छापलेलं नाही) ‘व’वरून आहे, म्हणजे रोमन V किंवा W, तेव्हा लेक बहुधा शेवटीच असणार. भाच्याच्या विषयात पहिल्या आणि शेवटच्या नावाला अर्थ असतो, आमच्या गणितात नाही.

भाच्याशी तुलना मात्र सोडून द्या. त्याच्याकडे एका पेपरवर अनेक जणांचे हात असतात आणि संदर्भांची यादी लांबलचक. गणितात पेपर तपासून छापून यायला वर्ष-दोन वर्षं सहज जातात. मग तो कुणीतरी वाचणार, त्यावर काही सिद्ध करणार, तेही तपासलं जाणार. सायटेशन उगवतं ते त्यानंतर. क्लॅरिव्हेट ही कंपनी दरवर्षी सर्वाधिक सायटेशन्सवाल्या संशोधकांची यादी काढते. २०२३ साली तिने त्यातून गणित हा विषयच वगळला. इथे आकडे मुळातच लहान, त्यामुळे थोड्याशा वाढीनेही चित्र बिघडतं.

एकाच माणसाच्या दोन कामांतही किती फरक पडतो बघा. टेरेन्स ताओ आणि बेन ग्रीन या गणितज्ञांनी सिद्ध केलं की मूळ संख्यांमध्ये हव्या तेवढ्या लांबीची अंकगणिती श्रेढी (सारख्या अंतराने येणाऱ्या संख्यांची रांग) सापडते. २००८ साली तो पेपर छापून आला. त्याआधी २००६ मध्ये ताओंनी कँडेस आणि रॉमबर्ग यांच्यासोबत, थोड्याशा मोजमापांतून पूर्ण सिग्नल कसा परत मिळवायचा यावर लिहिलं होतं. या पेपरची सायटेशन्स ग्रीनबरोबरच्या पेपरच्या कित्येक पट आहेत, कारण इंजिनिअर आणि एमआरआयवाले तो वापरतात. म्हणून मूळ संख्यांचं काम उथळ, असं म्हणायची कुणाची छाती होणार नाही.

एच-इंडेक्स २००५ मध्ये जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. प्रत्येकी निदान १० सायटेशन्स असलेले १० पेपर असतील तर इंडेक्स १०. म्हणजे ४ पेपरवालीचा इंडेक्स ४ च्या वर जाऊच शकत नाही. तिचा ३ आहे! गणितज्ञ रीमान यांनी मूळ संख्यांवर एकच निबंध लिहिला, १८५९ साली, मोजक्या पानांचा. त्यातलं गृहीतक आजही सुटलेलं नाही. आणि ‘रीमान गृहीतक’ असं लिहिणारे बहुतेक जण त्या निबंधाचा संदर्भ देतही नाहीत.

निवड समित्यांवर मी बरीच वर्षं बसले आहे. उमेदवाराचं काम जोखायचं तर ज्यांनी त्याला साइट केलं ते पेपर मी उघडते आणि नेमकं वाक्य शोधते. एका ठिकाणी असतं : ‘या विषयावर अलीकडे बरंच काम झालं आहे [३, ७, ११–१९].’ कंसातले आकडे म्हणजे संदर्भयादीतले क्रमांक; उमेदवार त्या ११ ते १९ च्या गर्दीत कुठेतरी. दुसरीकडे असतं : ‘ही मर्यादा [७] मधल्या लेमा ३.४ वरून मिळते.’ मोजणीत दोन्ही एक-एक. पण तो लेमा, म्हणजे सहाय्यक प्रमेय, काढला तर दुसरा पेपर उभाच राहत नाही. दुसऱ्या प्रकारची पाच सायटेशन्स असलेली उमेदवार मी पहिल्या प्रकारच्या पन्नासवाल्याच्या पुढे ठेवते, आणि त्यासाठी समितीत भांडते.

सहलेखनाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण समिती विचारेल. पॉल एर्डिश यांचे पेपर सुमारे १५००, सहलेखक ५०० हून जास्त. उलट यितांग झांग यांच्या नावावर २०१३ पर्यंत जेमतेम काही पेपर होते. त्या वर्षी त्यांनी एकट्याने दाखवलं की ७ कोटींहून कमी अंतर असलेल्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. पुढे जेम्स मेनार्ड यांची नवी पद्धत आणि पॉलिमॅथ या सामूहिक प्रकल्पाची मेहनत यांतून ते अंतर २४६ वर आलं. दोन्ही वाटा चालतात. आम्ही बघतो ते एवढंच की पीएचडीचे गाइड वगळून ती कुणाबरोबर लिहिते आहे का, किंवा एकटीने काही केलंय का.

अर्जात तिने आकडा कुठून आणि कोणत्या तारखेला घेतला ते लिहावं. प्रत्येक पेपरखाली दोन ओळी द्याव्यात : कुणी वापरला, कुठल्या प्रमेयात. मॅथसायनेट या गणिताच्या पेपरांच्या डेटाबेसवरचा आकडाही द्यावा. तो २६ पेक्षा कमी निघण्याची शक्यता आहे. गुगल स्कॉलर प्रीप्रिंट (छापून येण्याआधी खुले केलेले पेपर) आणि प्रबंधही मोजतं, मॅथसायनेट मुख्यतः छापील नियतकालिकांतले संदर्भ. समितीतल्या गणितज्ञांना हे ठाऊक असतं.