पटावरच्या प्रत्येक नावासाठी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. तांड्यावरची द्विशिक्षकी शाळा, तुझ्या खोलीत तिसरी आणि चौथी एकत्र. चौथीतल्या 11 मुलांपैकी चौघांचे वाचन जोडाक्षरापाशी अडते, एकाला अजून काना-मात्रा लागत नाहीत, आणि दोघीजणी तू फळ्यावर गणित पुरे लिहीपर्यंत उत्तर सांगून मोकळ्या होतात. ‘यातल्या नेमक्या कोणाला मी शिकवू?’ असे तू विचारले आहेस. नोकरीच्या पहिल्याच वर्षी हा प्रश्न तुला पडला याचा मला आनंद आहे, कारण अनेक वर्षे मी तो स्वतःला विचारलाच नव्हता. मी पाठ्यपुस्तकाला शिकवत होतो, आणि अभ्यासक्रम वेळेत संपला की काम झाले असे मानत होतो.

माझे सांगणे एवढेच आहे की रोजचा पहिला दीड तास इयत्ता बाजूला ठेव. तुझ्या सहकारी शिक्षकांना विश्वासात घे आणि पहिली ते चौथीची सगळी मुले वाचनाच्या टप्प्यानुसार बसव: अक्षरे ओळखणारी, शब्द वाचणारी, परिच्छेद वाचणारी आणि गोष्ट वाचून तिच्याविषयी बोलू शकणारी. यात चौथीचा मुलगा दुसरीच्या मुलीशेजारी बसेल आणि पालक विचारायला येतील. त्यांना त्यांच्यासमोरच मुलाकडून चार ओळी वाचून घेऊन दाखव. ही अडचण तुझ्या एकटीच्या वर्गाची नाही. ग्रामीण मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या 2024 च्या पाहणीतही ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून थोड्या कमीच मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला होता. शिक्षण हक्क कायदा मुलाला वयानुरूप वर्गात बसवतो आणि उशिरा दाखल झालेल्या मुलाला बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्कही देतो; आपण पहिली गोष्ट कटाक्षाने पाळतो आणि दुसरी कागदावर ठेवतो. मात्र दर तीन आठवड्यांनी मुलांचे वाचन पुन्हा तपास. एखादे मूल दोन महिने त्याच गटात राहिले, तर ते कच्चे आहे असे लिहिण्याआधी तू त्याला काय आणि कसे दिलेस हे पाहा.

आता माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या चौथ्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा होता. फळ्यावर ‘भात’ लिहिले की त्याच्या वहीत ‘मात’ उतरे, ‘घर’चे ‘धर’ होई. मी त्याच्या प्रगतिपत्रकात ‘लेखनात निष्काळजी’ असा शेरा दिला आणि त्याला मागच्या रांगेत बसवले. पुढे एका पावसाळी दुपारी खोली गळू लागली म्हणून आम्ही ओसरीत दाटीवाटीने बसलो होतो आणि तो माझ्या गुडघ्याला टेकून पुस्तक वाचत होता. पुस्तक डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होते आणि ‘भ’ व ‘म’ तो बिनचूक वाचत होता. शिरोरेषा कुठे तुटते हे त्याला फळ्यावर दिसतच नव्हते. सबंध वर्ष मी त्याच्या नजरेला त्याचा स्वभाव समजलो होतो. म्हणून कोणत्याही मुलाविषयी मत बनवण्याआधी त्याचे डोळे आणि कान तपासले गेले आहेत का, हे पाहा. आरोग्य तपासणीचे पथक शाळेत येते तेव्हा नुसती वजन-उंची नोंदवून त्यांना जाऊ देऊ नकोस; तुला शंका असलेल्या मुलांची नावे आधीच लिहून ठेव. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणारी अडचण, त्यांपैकीच एक आहे. ती बाहेरून दिसत नाही, त्यामुळे तिच्या वाट्याला सर्वाधिक छड्या आल्या. आपल्याकडे शाळेला चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्प बांधला की दिव्यांग मुलांचे समावेशन झाले असे समजतात; रॅम्प हवाच, पण वर्गात आलेल्या मुलाला समजेल असे शिकवले गेले तरच त्याचे येणे सार्थकी लागते.

भाषेचेही तसेच आहे. पहिलीतले मूल आईला ‘याडी’ आणि भाकरीला ‘बाटी’ म्हणत शाळेत येते आणि पहिल्याच दिवशी त्याची शब्दसंपत्ती आपण चुकीची ठरवतो. ते गप्प बसते, आणि आपण लिहितो, ‘प्रतिसाद देत नाही.’ तू गोरमाटी, ही तांड्यावरची बंजारा बोली, शिकू लाग. तांड्यावरच्या एखाद्या आजीला आठवड्यातून एकदा गोष्ट सांगायला बोलाव, ती गोष्ट मुलांकडून मराठीत सांगवून घे आणि फळ्यावर लिही. हाच तुझा वाचनपाठ होईल.

बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडीचे काम सुरू केले आणि 1957 मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथल्या वारली आदिवासींची मुले गुरांमागे जात म्हणून शाळेत येत नसत. तेव्हा त्यांनी कुरणशाळा काढली आणि गुरे चरत होती तिथे शिक्षण नेले. मुलाच्या दिवसाचा अभ्यास करून त्याभोवती शाळेची घडी बसवणे, यालाच मी सुधारणा म्हणतो.

तुझ्या तांड्याला हाच विचार दिवाळीच्या सुमारास लागू होणार आहे. मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला निघाली की मुलेही ट्रॅक्टरवर बसतील आणि एप्रिलपर्यंत परतणार नाहीत. आत्तापासून घरोघर जा, आजी-आजोबांकडे कोण राहू शकेल हे विचार आणि हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत पाठव. जे जाणारच आहेत त्यांना, तिकडच्या शाळेत दाखवता येईल असे, शिक्षण हमी पत्रक दे, आणि त्यासोबत मूल कुठल्या टप्प्यावर आहे, कशात रमते आणि कुठे अडते, हे स्वतःच्या हाताने लिहून दे, म्हणजे पलीकडच्या शिक्षकाला पुन्हा ‘अ’पासून सुरुवात करावी लागणार नाही.

हे सारे तू एकटीने ओढावे, असे मात्र मी म्हणणार नाही. शिक्षण हक्क कायद्याचा निकष 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक देतो. त्या दोघांपुढे चार इयत्ता असतात, हे तो मोजत नाही. त्यात माहिती भरण्याची कामे शिकवण्याचा वेळ खातात. हे व्हरांड्यात बोलून संपवू नकोस. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांच्यासमोर मुलांचे वाचन ठेव, विशेष शिक्षकाच्या भेटीची मागणी ठरावात घे आणि ठरावाची प्रत केंद्रप्रमुखांना दे.

काना-मात्रा न लागणाऱ्या त्या मुलाविषयी तू एकच ओळ लिहिली आहेस. तो कुठे बसतो, घरी कोणती भाषा बोलतो, सुटीत काय करतो, हे पुढच्या पत्रात सविस्तर कळव, आणि त्याच्या वहीचे एक पान सोबत पाठव. टोळ्या निघण्याआधी पाठव, म्हणजे आपल्याला काही करता येईल.

तुझे,
गुरुजी