लिंबू शेवटी, आणि ज्याचं त्याच्या ताटात

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

शनिवारी तू विचारलंस, "बाबा, पाककृतीत लिंबाचा रस त्या इवल्या कोबीसारख्या ब्रसेल्स स्प्राउट्सना चोळून मग पिझ्झा ओव्हनमध्ये टाकायला सांगितलाय. तू मात्र पिझ्झा बाहेर आल्यावर लिंबू काढतोस, आणि तेही स्वतः पिळत नाहीस, सगळ्यांच्या ताटलीत एकेक फोड ठेवतोस. ही मराठी पद्धत आहे की तुझी?" पिझ्झा गरम होता, सगळे भुकेले होते, म्हणून तेव्हा जास्त बोललो नाही. आता सविस्तर लिहितो, कारण प्रश्न फार चांगला आहे.

पद्धत मराठीच आहे. आपलं पान वाढताना डाव्या बाजूला मीठ येतं, त्याच्या शेजारी लिंबाची फोड, मग चटणी, कोशिंबीर. भाजी-आमटीत मीठ घातलेलं असतं, आंबटही असतं, तरी या दोन गोष्टी पानात वेगळ्या मांडायच्याच. वरणभातावर तूप पडलं की ज्याने त्याने आपली फोड पिळायची. कुणी अर्धी पिळतो, कुणी पूर्ण, कुणी तशीच ठेवतो, आणि त्यावर कुणी काही बोलत नाही. पोह्यांचंही तसंच. रांधणाऱ्याने पदार्थ जवळजवळ पूर्ण करायचा आणि शेवटचा हात खाणाऱ्याचा, असं ते ठरलेलं आहे. मला ही गोष्ट आपल्या जेवणातली सगळ्यात समंजस गोष्ट वाटते, आणि पिझ्झा आपला नाही म्हणून ती सोडावी असं मला कधीच वाटलं नाही.

पण केवळ आपली म्हणून ती पद्धत धरून ठेवलेली नाही. तिच्यामागे कारणं आहेत.

आपल्या स्वयंपाकघरात एक नियम न लिहिता चालत आलाय: डाळ शिजल्याशिवाय चिंच घालायची नाही. आधी घातली तर डाळ कितीही उकळा, दाणा टचटचीतच राहतो. असं का होतं? भाज्यांच्या आणि डाळींच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारा पेक्टिन नावाचा पदार्थ असतो. उष्णतेने तो हळूहळू विरघळतो आणि भाजी मऊ पडते. भोवती आंबट असलं की तो लवकर विरघळत नाही. हाच नियम ब्रसेल्स स्प्राउट्सना लाव. लिंबात साधारण पाच-सहा टक्के सायट्रिक आम्ल असतं. ते आधीच चोळलं तर बाहेरच्या सुट्या पानांचं फारसं बिघडत नाही, पण मधला दांड्याचा भाग दाताखाली कच्चा लागतो. पिझ्झा ओव्हनमध्ये आठ-दहा मिनिटंच असतो, त्यात तो दांडा शिजायला आधीच वेळ कमी.

दुसरं कारण खरपूसपणाचं. स्प्राउट्सच्या कडा तपकिरी होतात, त्यांना भाजलेल्या दाण्यांसारखी गोडसर चव येते, आणि त्या चवीसाठीच तर हा पिझ्झा करायचा. ती चव प्रथिनं आणि साखरा एकत्र तापल्यावर तयार होते. लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ही क्रिया पहिल्यांदा मांडली, म्हणून तिला मायार क्रिया म्हणतात. आंबट वातावरणात ती मंदावते. शिवाय लिंबाचा रस म्हणजे बहुतांश पाणीच. ते पाणी उडून जाईपर्यंत भाजी वाफेवर शिजत राहते, भाजत नाही. त्यातच हिरव्या रंगाचंही नुकसान होतं. पानातल्या हरितद्रव्यात मॅग्नेशियमचा अणू असतो, आम्ल आणि उष्णता मिळून तो बाहेर काढतात आणि झगझगीत हिरवा रंग मेंदीच्या लगद्यासारखा मळकट होतो.

मग तू म्हणशील, आमटीत चिंच आणि आमसूल उकळतोच की. बरोबर, पण शिजलेल्या डाळीत. आणि त्या दोघांचा स्वभाव वेगळा आहे. चिंचेचा कच्चा उग्रपणा उकळल्यावरच जातो, आमसुलाला आंबटपणा सोडायला वेळ लागतो. लिंबाला वेळ अजिबात नको. त्याचा आंबटपणा उडून जात नाही, उडतो तो सुगंध. भाजलेल्या लिंबाच्या रसात आंबट तेवढं शिल्लक राहतं, लिंबू राहत नाही. म्हणून आपल्याकडे गॅस बंद केल्यावर लिंबू पिळतात, आणि एकदा पिळलं की पुन्हा उकळी येऊ देत नाहीत. प्रत्येक आंबटाची आपापली वेळ असते, हे मराठी स्वयंपाकाला फार बारकाईने कळलेलं आहे. इथे ओव्हनमधून बाहेर येणं म्हणजेच गॅस बंद होणं.

आता प्रत्येकाच्या ताटलीतल्या फोडीकडे येतो. यासाठी आधी स्प्राउट्सबद्दल थोडं सांगायला हवं.

ब्रसेल्स स्प्राउट, कोबी, फुलकोबी, ब्रोकोली, नवलकोल, केल ही सगळी शास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीची झाडं आहेत. माणसाने शेकडो वर्षं निवडून निवडून कुणाचं पान मोठं केलं, कुणाचं फूल, कुणाचा दांडा. स्प्राउट म्हणजे उंच दांड्यावर पानांच्या बेचक्यात येणारी कळी. आपली फोडणीतली मोहरीदेखील याच कुळातली. नातं नुसतं कागदावरचं नाही: मोहरीचा तिखटपणा ज्या सिनिग्रिन नावाच्या द्रव्यापासून येतो, तेच स्प्राउट्समध्येही असतं. चिरल्यावर किंवा चावल्यावर पेशी फुटतात, आत वेगळं ठेवलेलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्या द्रव्याला भेटतं आणि झणका तयार होतो. झाडाने किड्यांपासून वाचायला केलेली ही सोय आहे.

अशाच द्रव्यांमुळे स्प्राउट्स कडू लागतात. १९९० च्या दशकात नेदरलँड्समधल्या हान्स व्हॅन डोर्न या शास्त्रज्ञाने कडवटपणामागची नेमकी द्रव्यं शोधली: सिनिग्रिन आणि प्रोगोइट्रिन. त्यानंतर बियाणं तयार करणाऱ्यांनी कमी कडू जुनी वाणं शोधून त्यांचा आजच्या भरघोस पिकणाऱ्या वाणांशी संकर केला. त्यामुळे तू खातेस ते स्प्राउट्स, मोठ्या माणसांना लहानपणी नकोसे वाटलेल्या स्प्राउट्सपेक्षा खरोखरच सौम्य आहेत. कुणी नाक मुरडलं तर त्याच्यावर रागावू नकोस, त्याची आठवण वेगळ्या भाजीची आहे. शिवाय ती बहुधा पाण्यात फार वेळ उकळलेली असते, आणि तशी उकळली की गंधकाचा वास सुटतो.

तरी थोडा कडवटपणा उरतोच, आणि तो सगळ्यांना सारखा लागत नाही. आपल्या जिभेवर कडू ओळखणारे अनेक ग्राहक, म्हणजे चव टिपणारे रिसेप्टर, असतात. त्यांतल्या एकाचं जनुक, टीएएस२आर३८ असं त्याचं नाव, वेगवेगळ्या माणसांत वेगवेगळ्या रूपात असतं. ज्याच्याकडे एक रूप आहे त्याला या कुळातल्या भाज्या बऱ्याच कडू लागतात, दुसऱ्याला जेमतेम. म्हणजे एकाच पिझ्झ्याचा एकच तुकडा तुला आणि तुझ्या दादाला दोन वेगळ्या चवींचा लागत असेल. मग संपूर्ण पिझ्झ्यावर एका हाताने, एका अंदाजाने लिंबू पिळणं कितपत योग्य? कडू जास्त जाणवतं त्याला मीठ आणि चीज जास्त हवं, लिंबू कदाचित दोनच थेंब. ज्याला चीजचा तुपकटपणा जड होतो त्याला अख्खी फोड. पानात मीठ आणि लिंबू वेगळं वाढणाऱ्यांना जनुकं ठाऊक नव्हती, पण जिभा वेगवेगळ्या असतात हे पक्कं ठाऊक होतं.

फोडच का, वाटीत रस का नाही, तेही सांगतो. फोड बोटांनी दाबली की रसाबरोबर सालीतलं तेलही बारीक तुषार होऊन उडतं, आणि लिंबाचा खरा सुगंध त्या तेलात असतो. बाटलीतल्या रसात तो नसतो. मी बाटली आणत नाही याचं कारण हे.

सालीच्या बाबतीत मात्र मी आपल्या पद्धतीत भर घातली आहे. आपलं कागदी लिंबू लहान, पातळ सालीचं आणि रसाळ. त्यामुळे आपल्या स्वयंपाकात रस आला, लोणच्यात अख्खं लिंबू आलं, पण साल किसून घालणं फारसं आलं नाही. इथे मिळतं ते पिवळं लिंबू जाड सालीचं आहे, आणि त्याची साल रसापेक्षाही मोलाची आहे. ती टाकून देणं मला जिवावर येतं. फक्त वरचा पिवळा भाग किसायचा. त्याखालचा पांढरा गर कडू असतो, आणि स्प्राउट्सनी कडूपणाचा वाटा आधीच उचललेला आहे. सालीवर बऱ्याचदा मेण लावलेलं असतं, म्हणून आधी कोमट पाण्यात चोळून धुवायचं. किसायचं ते पिझ्झा बाहेर आल्यावर, थेट त्याच्यावर, म्हणजे वितळलेल्या चीजच्या उबेने तेल सुटतं. हा कीस मी सगळ्यांसाठी घालतो, कारण त्यात आंबटपणा नाही, नुसता वास आहे, आणि वास कुणाला जाचत नाही.

पुढच्या वेळी तुला स्वतः करायचाय म्हणालीस, तर कृती लिहून ठेवतो. चार पिझ्झ्यांना ५०० ग्रॅम मैदा, ३२५ मिलीलीटर पाणी, १० ग्रॅम मीठ, २ ग्रॅम कोरडं यीस्ट. मैदा ब्रेडसाठी मिळतो तो घे, त्यात प्रथिनं जास्त असतात. आदल्या दिवशी मळ. सुरुवातीला पीठ हाताला चिकटेल, घाबरून मैदा टाकत जाऊ नकोस. दहा मिनिटं झाकून ठेवलंस की ते आपोआप सुधारतं, मग पुन्हा तिंब. तासाभराने चार गोळे करून झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये. रात्रभराच्या त्या थंडीत चव तयार होते. भाजण्याआधी दोन तास बाहेर काढ. आणि लाटणं घेऊ नकोस! पोळीला लाटणं हवं, इथे नको, कारण लाटण्याने आतली हवा निघून जाते. बोटांनी मधून कडेकडे दाबत जायचं, काठ मोकळा सोडायचा.

स्प्राउट्स ४०० ग्रॅम. बुडखा काप, पिवळी पानं काढ, मग उभे पातळ चिर, सुरीच्या पातीइतके नाही तरी दोन मिलीमीटरच्या आसपास. हे महत्त्वाचं आहे. नेपल्सच्या लाकडाच्या भट्टीत ४०० अंशांच्या वर तापमान जातं आणि पिझ्झा दीड मिनिटात होतो. घरचा ओव्हन २५० ला थांबतो. जाड अर्धुकं ठेवलीस तर पाव भाजून होईल आणि भाजी मागे राहील. चिरलेल्या स्प्राउट्सना दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, मीठ, लसणाच्या तीन पाकळ्यांचे काप, थोडी भरडलेली मिरी. सगळी पानं तेलाने माखली पाहिजेत, कोरडी राहिली तर खरपूस न होता करपतात.

ओव्हन पूर्ण तापव, आत उलटा ट्रे किंवा पिझ्झाचा दगड ठेवून, पाऊण तास. टोमॅटोचा सॉस नको, तो स्वतः आंबट आहे आणि लिंबाला जागा ठेवत नाही. मोझरेला प्रत्येकी १०० ग्रॅम, ताजं असेल तर फाडून आधी कापडावर निथळव. चीज खाली, स्प्राउट्स वर, म्हणजे त्यांना आच थेट लागते. ट्रे मी सरकवीन, तू दार उघडायचं. आठ मिनिटांनी बघ, कडा तपकिरी झाल्या की काढायचा.

लिंबाच्या चकत्या वर ठेवून भाजलेला पिझ्झा तू फोटोत पाहिलास, तोही करून बघू म्हणालीस. दिसतो सुंदर, पण त्यात पांढऱ्या गरासकट साल भाजली जाते, आणि आधीच कडसर भाजीवर ती मला जास्त वाटते. करायचाच असेल तर चकत्या कागदासारख्या पातळ काप आणि एका पिझ्झ्यावरच ठेव. आवडला तर मी दुसऱ्यावरही ठेवीन, मला हट्ट नाही.

शिळ्या तुकड्याचं तू विचारलं नाहीस, पण शाळेच्या डब्यात तो न्यायचा विचार दिसतोय, म्हणून सांगतो. मायक्रोवेव्हमध्ये पाव चिवट होतो. तव्यावर मंद आचेवर ठेव, खालून कुरकुरीत झाला की दोन थेंब पाणी बाजूला टाकून मिनिटभर झाकण, म्हणजे चीज सुटतं. मग गार होऊ दे आणि डब्यात भर. लिंबू त्यावर घरून पिळून नेऊ नकोस. फोड वेगळ्या छोट्या डबीत ठेव आणि शाळेत जेवताना पीळ.

तुझा
बाबा