मला दोन पानं, चॅटबॉटला पाच शब्द?

प्रश्न : मी सांगोला तालुक्यातली. बारावी सायन्स, पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी). मेडिकलच्या ‘नीट’ परीक्षेत जमलं नाही. ‘बेस्ट करिअर आफ्टर ट्वेल्थ बायोलॉजी’ असं चॅटजीपीटीला विचारलं की नर्सिंग, फार्मसी, बायोटेक हीच यादी येते. माझं इंग्रजी कच्चं आहे. प्रॉम्प्ट, म्हणजे चॅटबॉटला विचारायचा मजकूर, लिहायला शिकवणारा कोर्स लावू का? फी पाच हजार आहे.

उत्तर : नको गं. ते पैसे हॉस्टेलच्या डिपॉझिटला लागतील.

तुझं मूळ पत्र दोन पानी आहे, वर फक्त गाभा छापलाय. घरची डाळिंबाची बाग, फवारणीची वही तू ठेवतेस, तेल्या रोगाचा डाग वडिलांच्या आधी तुला दिसतो, ‘नीट’ रिपीट करायचा घरून आग्रह, फार लांब पाठवायला आईची ना. यातलं चॅटबॉटला काय सांगितलंस? पाच शब्द, तेही परक्या भाषेत. मग त्यानं सगळ्यांना देतो तीच यादी तुलाही दिली.

फोनच्या कीबोर्डवर माइकचं चिन्ह असतं. भाषा मराठी कर आणि मावशीला सांगतेस तसं चार-पाच मिनिटं बोल. टाइप करताना आपण तार पाठवल्यासारखे शब्द मोजतो (तुझ्या पिढीनं तार पाहिली नसेल, घरात विचार). बोलताना तो हिशेब सुटतो. अडखळलीस तरी खोडू नकोस. ‘रिपीट करायचंय... म्हणजे घरच्यांची इच्छा आहे’ असं तोंडून निघालं, तर तेच कामाचं. व्याकरण, क्रम, काही सांभाळू नकोस. फक्त आकडे आणि गावांची नावं पाठवण्याआधी बघून घे. एकोणसत्तरचे एकोणऐंशी झाले तर सल्ला दुसऱ्याच मुलीचा येईल. आधार क्रमांक, पासवर्ड असलं काही बोलायचं नाही.

शेवटी म्हण, ‘लगेच सल्ला देऊ नकोस, आधी मला पाच प्रश्न विचार.’ त्यांची उत्तरंही बोलूनच दे. पहिल्या उत्तरावर थांबू नकोस. पटलं नाही तर ‘हे मला जमणार नाही, कारण...’ असं सरळ सांग.

तुझं पत्र वाचून माझ्या डोक्यात जे आलं ते असं : चार वर्षांचं बीएस्सी ॲग्री, पुढे एमएस्सीला वनस्पती रोगशास्त्र. सोलापूर जिल्हा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो, आणि डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापुरातच आहे. चॅटबॉटही बहुधा इथवर येईल. पण कटऑफ, फी, तारखा तो बिनधास्त चुकीच्या सांगतो. त्या राज्याच्या प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावरच पाहायच्या.

एक गोष्ट मात्र तुझ्या दोन पानांतही नाही. बीएस्सी ॲग्रीचा प्रवेश मुख्यतः एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेवर होतो. ती दिली आहेस का? दिली असशील तर पर्सेंटाइल आणि प्रवर्ग कळव.