आजोबांचा छोटा टायपरायटर नेमका कुठला?

प्रश्न: गिरगावातलं घर रिकामं करताना माळ्यावर आजोबांचा छोटा टायपरायटर सापडला, झिपवाली बॅग, वर ऑलिवेट्टी लेटेरा २२, एक बटण लाल, खाली मेड इन ग्रेट ब्रिटन. इटलीची कंपनी ना? मग नकली आहे का?

उत्तर: अजिबात नाही ताई, अस्सलच दिसतोय! ऑलिवेट्टी इटलीतल्या इव्रेआची, पण त्यांचा कारखाना ब्रिटनमधल्या ग्लासगोलाही होता आणि लेटेरा २२ तिथेही बनायचा, त्यामुळे तो शिक्का बरोबरच आहे. लाल बटण टॅबचं, म्हणजे ओळीत ठरलेल्या जागी एकदम उडी मारायचं, ती याची खूणच. डिझाइन मार्चेल्लो निझ्झोलीचं, १९५० चं मॉडेल, १९५४ ला इटलीचा कोंपासो दोरो हा डिझाइनचा पुरस्कार मिळाला, वजन जेमतेम पावणेचार किलो. १९६३ मध्ये याच्या पुढचं मॉडेल, लेटेरा ३२, आलं. नेमकं साल हवं तर सिरियल नंबर शोधा, मशीन उलटं करून बघा, नसेल तर रिबनवरचं झाकण उचलून आत, आणि मग ग्लासगोच्या सिरियल नंबर-सालांच्या यादीशीच जुळवा, इटलीच्या नाही.

आणि एक कळकळीची विनंती, टाइपाच्या दांड्या अडकत असतील तर तेल घालू नका हो, धूळ चिकटून आणखी जाम होतात. स्पिरिट आणि जुना टूथब्रश पुरे, फक्त रंगाला लागू देऊ नका. रिबन अर्धा इंची लागते. आजोबांची टाइप केलेली पत्रं असतील तर तीही जपून ठेवा, त्यांच्या तारखांवरून मशीन घरात कधी आलं ते कळेल.