कूस बदलली की गरगरतं, पण एक्स-रेत मान झिजलेली निघाली. पलंगावर डोकं झुकवून करतात ती चाचणी करून घ्यावी का? घरी जमेल का?

करून घ्याच, आणि एक्स-रे बाजूला ठेवा. पन्नाशीनंतर मान दुखत असो वा नसो, एक्स-रेत झीज बहुतेकांना दिसतेच. तेवढ्यावर चक्करीचं खापर मणक्यांवर फोडून गळ्यात पट्टा अडकवणं मला मुळीच मान्य नाही. या पट्ट्यावरून माझे व्यवसायबंधूंशी वाद होत आले आहेत आणि पुढेही होतील. कूस बदलताना किंवा मान वर करून फळीवरचा डबा काढताना खोली फिरते आणि मिनिटाच्या आत थांबते, ही तक्रार बहुतेक वेळा आतल्या कानाची असते. तिथले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत, बहुधा मागच्या, शिरतात.

डिक्स आणि हॉलपाईक यांनी 1952 साली मांडलेल्या या चाचणीला यंत्र लागत नाही. रुग्णाने पलंगावर पाय लांब करून असं बसायचं की आडवं झाल्यावर डोकं कडेच्या बाहेर येईल. उजवा कान तपासायचा तर डोकं 45 अंश उजवीकडे वळवायचं, दोन्ही हातांनी धरायचं आणि झटकन मागे निजवायचं. डोकं पलंगाच्या पातळीपेक्षा 20 अंश खाली, डोळे उघडे.

घोळ होतो तो यापुढे. कण द्रवातून घरंगळायला वेळ लागतो, म्हणून सुरुवातीचे काही सेकंद डोळे शांतच असतात. घाईतला डॉक्टर तेवढ्यात रुग्णाला उठवतो आणि ‘नॉर्मल’ लिहून मोकळा होतो. निदान 30 सेकंद बघायलाच हवं. बुबुळापेक्षा पांढऱ्या भागातल्या एखाद्या लाल शिरेवर नजर ठेवली तर हालचाल चटकन कळते: डोळ्याचा वरचा भाग खालच्या कानाकडे झटक्याने वळतो, सोबत डोळा कपाळाकडे उसळतो. जोर वाढतो, मग मिनिटाच्या आत ओसरतो. उठवून बसवलं की झटके उलट्या दिशेने येतात. भीतीने रुग्ण डोळे गच्च मिटतो, म्हणून आधीच कल्पना द्यावी आणि गरज पडली तर पापण्या बोटांनी उचलून धराव्यात.

दुसरी बाजूही तपासायची. दोन्हीकडे काही दिसलं नाही तर उताणं झोपवून डोकं डावी-उजवीकडे वळवून आडवी नलिका बघायची. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या चालू असतील तर झटके लपू शकतात, तेव्हा जाण्याआधी डॉक्टरांना तसं सांगा. मागची नलिका सापडली की त्याच पलंगावर एप्लीची क्रिया, म्हणजे डोकं ठरावीक क्रमाने वळवत नेणं, करून कण परत जागी नेता येतात. पट्टा बांधून मान आखडेल, कण हलणार नाहीत.

घरचं म्हणाल तर स्वतःचे डोळे स्वतःला दिसत नाहीत, आणि निदान डोळ्यांवरच होतं. मानेला इजा किंवा शस्त्रक्रिया झाली असेल, संधिवाताने मान अस्थिर असेल, तर डोकं मागे लोंबकळवू देऊ नका. कुशीवर निजवूनही ही तपासणी होते. झटके नुसते हनुवटीकडे येत असतील किंवा थांबतच नसतील, तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायला हवं. चक्करीसोबत बोलणं अडखळलं, दोन-दोन दिसू लागलं किंवा एक बाजू लुळी पडली, तर चाचणीच्या भानगडीत न पडता थेट रुग्णालय गाठा.