रंग बदलणारी पट्टी आणि बारावीनंतरची वाट

प्रश्न : मी इचलकरंजीत एका प्रोसेस हाउसमध्ये डाइंग मास्तर आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित आणि बायोलॉजी दोन्ही घेतलेत. कॉलेजच्या प्रदर्शनात तिने गोकर्णाच्या फुलांच्या रंगाची पट्टी करून दूध नासलं की रंग बदलतो असं दाखवलं, बक्षीसही मिळालं. आता ती म्हणते, असे रंग बदलणारे कपडे आणि पॅकिंग यांतच करिअर करायचं. तिचे मामा फार्मसी सुचवतात. एका खासगी विद्यापीठात ‘स्मार्ट मटेरियल्स’ची पदवी आहे, पण फी डोळे पांढरे करणारी. आणि एक जण पट्टीचं पेटंट काढून देतो म्हणून पैसे मागतोय. काय करावं?
– एक पालक, इचलकरंजी

सप्रेम नमस्कार,

मुलीने विषय चांगला निवडलाय. त्यातला अवघड भाग कोणता, हे तुमच्याइतकं घरात कुणालाच कळणार नाही, म्हणून आधी तिथूनच सुरुवात करतो.

पीएच म्हणजे पदार्थ किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप. त्याप्रमाणे रंग बदलणारी द्रव्यं, म्हणजे इंडिकेटर, काही नवी नाहीत. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, तीच ही गोष्ट. प्रयोगशाळेतलं फिनॉल्फ्थॅलीन ८.२ च्या आसपास गुलाबी व्हायला लागतं, ब्रोमोथायमॉल ब्लू ६ ला पिवळा असतो आणि ७.६ ला निळा. हे सगळं बाटलीत छान चालतं. खरी कसोटी लागते ती रंग कापडात, फिल्ममध्ये किंवा कागदात बसवताना. तो धुतला तर सुटतो का? उन्हात उडतो का? आणि धाग्यात अडकल्यावर त्याच पीएचला बदलतो की सरकतो? तुमच्या भाषेत सांगायचं तर सगळा प्रश्न फास्टनेसचा, म्हणजे रंगाच्या पक्केपणाचा आहे.

तुम्ही रोज व्हिनाइल सल्फोनचे रिअ‍ॅक्टिव्ह रंग सोडा घालून सुतावर बसवता. त्यांचा सुताशी रासायनिक बंध होतो, म्हणून ते सोपिंगला, म्हणजे साबणाच्या धुण्याला, टिकतात. हीच युक्ती संशोधकांनी इंडिकेटरवर केली : रंगाच्या रेणूला व्हिनाइल सल्फोनचा गट जोडायचा आणि तो सेल्युलोजला (सूत त्याचंच असतं) पक्का बांधायचा. बेल्जियमच्या गेंट विद्यापीठात नायलॉनच्या अतिसूक्ष्म धाग्यांत इंडिकेटर घालूनही काम झालंय. तिथेही रंग सुटणं आणि बदलाचा पीएच सरकणं, या दोन गोष्टींशीच झगडावं लागतं. म्हणजे मुलगी जे शिकायचं म्हणते त्याची निम्मी शाळा तुमच्या खात्यात रोज भरते. तिला एकदा शेड मॅचिंगला सोबत न्या.

आता तिच्या पट्टीबद्दल. स्पष्ट लिहितो, तिने राग मानू नये. ताज्या दुधाचा पीएच साधारण ६.६ ते ६.८. ते आंबायला लागलं की उतरतो आणि ४.६ च्या आसपास दूध फाटतं. गोकर्णाचा रंग या टप्प्यात निळ्याचा जेमतेम जांभळट होतो. ठसठशीत गुलाबी व्हायला ३ च्या खाली जावं लागतं, आणि तोवर दुधाच्या वासानेच घर जागं झालेलं असतं. याच कामाला मिथाइल रेड जास्त जवळचा, कारण तो ६.२ पासून ४.४ पर्यंत पिवळ्याचा लाल होतो. पण मग तो खाण्याच्या पदार्थात उतरणार नाही, याची हमी कोण देणार? मासळीच्या पॅकिंगमध्ये काम जरा सोपं पडतं. मासा खराब होताना ट्रायमिथाइलअमाइन आणि अमोनियासारखे वायू सुटतात, त्यामुळे पट्टी माशाला न टेकवता वरच्या झाकणाला आतून लावता येते.

तिला एक काम द्या. पट्टी कोमट पाण्यात टाकायची, पाण्याला किती रंग सुटतो ते पाहायचं. दुसरी पट्टी गच्चीत उन्हात ठेवायची. रोज एकाच जागी, एकाच उजेडात फोटो काढून वहीत टिपायचं. चार दिवसांनी ती कंटाळली, तर तिला पट्टी आवडली होती, रसायनशास्त्र नव्हे. रंग का सुटला म्हणून डोकं खाजवत बसली, तर पुढचं वाचा.

‘स्मार्ट मटेरियल्स’च्या पदवीवर पैसे घालू नका. माझं मत ठाम आहे. या क्षेत्रात माणूस घेताना कंपनी विचारते, केमिस्ट्री येते का, पॉलिमर येतं का, रंगाचं काम केलंय का. पदवीवरच्या झगमगीत नावाला तिथे कुणी भुलत नाही. नोकरीच्या जाहिरातीत रंग बदलणारं कापड असं काही सापडणार नाही. तिथे आर अँड डी केमिस्ट, अ‍ॅप्लिकेशन लॅब, क्वालिटी कंट्रोल असं लिहिलेलं असतं. कामं मात्र आहेत. लघवी तपासायची डिपस्टिक हा भरपूर खपणारा रंगबदलू माल : तिच्यातला पीएचचा चौकोन साधारणपणे मिथाइल रेड आणि ब्रोमोथायमॉल ब्लूच्या मिश्रणाचा असतो. लावताना रंगीत दिसणारी आणि वाळल्यावर रंग जाणारी ग्लू स्टिक याच तत्त्वावर चालते. जखमेच्या पट्टीवर संशोधन जोरात आहे, कारण निरोगी कातडीचा पीएच ५ च्या आसपास, तर न भरणारी जखम बहुधा ७ च्या वर जाते. म्हणजे डायग्नोस्टिक्स, चिकटद्रव्यं, पॅकेजिंग, वस्त्ररसायनं अशा चार खात्यांत ती जाऊ शकते, शिवाय वापी-अंकलेश्वरपासून तारापूर-रोह्यापर्यंत रंग-रसायनांचे कारखाने आहेतच.

दारं दोन. इंजिनिअरिंगच्या बाजूने मुंबईच्या माटुंग्याची आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था), म्हणजे जुनी यूडीसीटी. १९३३ पासूनची संस्था, आणि रंग, वस्त्रप्रक्रिया, पॉलिमर हे तिचे मुरलेले विषय. प्रवेश राज्याच्या एमएचटी-सीईटी परीक्षेच्या पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) ग्रुपवर, देशपातळीवरच्या जागा जेईई मेनवर. तिथे नंबर लागणं कठीण असतं, म्हणून गावातल्या डीकेटीई कॉलेजकडे ‘घरचीच आहे’ म्हणून नाक मुरडू नका. वस्त्रोद्योगाच्या शिक्षणात तिचं नाव आहे आणि मुलगी घरून ये-जा करेल. दुसरं दार शुद्ध विज्ञानाचं : पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत त्यांची स्वतःची प्रवेशपरीक्षा देऊन, नाहीतर बीएस्सी केमिस्ट्री करून पुढे कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात, किंवा आयआयटी जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी. संशोधन करायचं असेल तर या वाटेने पीएचडी धरून बारावीनंतर दहा वर्षं सहज जातात. घरखर्चाला तिचा हातभार लवकर हवा असेल, तर हे आजच मोकळेपणाने बोला, एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी नको.

फार्मसीला माझी हरकत नाही, पण तिथे ती गोळ्या-कॅप्सूल शिकेल, रंग आणि धागा नाही. मामांना एवढंच सांगा. सीईटीचा फॉर्म भरताना पीसीएम ग्रुप सोडू नका. पीसीबीही (गणिताऐवजी बायोलॉजी) द्यायचा असेल तर जरूर द्यावा.

राहिलं पेटंट. एक पैसा देऊ नका. गोकर्ण, जास्वंद, लाल कोबी यांच्या रंगाच्या पट्ट्यांवर ढिगाने शोधनिबंध छापून आलेत, आणि तिने स्वतः ती पट्टी प्रदर्शनात चारचौघांत मांडलीय. पेटंटला नावीन्य लागतं, ते इथे उरलेलं नाही. त्याच पैशांत तिला खिशातला पीएच मीटर आणि ४, ७ व ९.२ च्या बफर कॅप्सूल (पाण्यात विरघळवून ठरावीक पीएचचं द्रावण करायच्या) घेऊन द्या. मीटर वापरण्याआधी बफरच्या द्रावणावर जुळवून घ्यायचा आणि टोक कोरडं पडू द्यायचं नाही, हे तुम्हीच तिला दाखवा.